दहापैकी सहा: प्राथमिक वर्गांतील श्रुतलेखनाचा आढावा

दुसरी-तिसरीच्या मराठी वर्गात आठवड्यातून एकदा श्रुतलेखन होते. बाई दहा शब्द सांगतात, मुले लिहितात, वह्या गोळा होतात आणि तपासून झाल्या की कोपऱ्यात आकडा पडतो: दहापैकी सहा. चुकलेले चार शब्द प्रत्येकी दहा वेळा लिहून आणायचे आणि पुढच्या आठवड्यात नवे दहा शब्द घ्यायचे, ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. त्या आकड्यातून बाईंना नेमके काय कळते, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

एकाच वर्गातली तीन मुले घ्या. तिघांनाही सहा गुण आहेत. पहिल्याने 'दुध', 'फुल', 'मिठ', 'खिर' असे लिहिले. त्याचे चारही शब्द चुकले, पण चूक एकच आहे. दुसऱ्याने 'भाकरी'चे 'बाकरी' केले, 'धडा'चे 'दडा', 'खांब'चे 'कांब', 'झाड'चे 'जाड'. तिसऱ्याची जोडाक्षरे अडली: 'पुस्तक'मधला स गळाला, 'रस्ता'चा 'रता' झाला, 'सूर्य' आणि 'चंद्र' यांतल्या र-ची जागा चुकली. पहिल्याला एक नियम हवा आहे, दुसऱ्याला कानाचा सराव आणि तिसऱ्याला अक्षर फोडून पाहण्याची सवय. तिघांना मिळाले तेच गुण आणि तोच गृहपाठ. श्रुतलेखनाच्या नियोजनाचा आणि मूल्यमापनाचा सगळा प्रश्न मला या तीन वह्यांत दिसतो.

मराठी मुलापुढची खरी अडचण

इंग्रजीच्या मानाने मराठी लिहिणे सोपे, कारण बोलतो तसेच लिहितो, असे आपण सहज म्हणतो. यात तथ्य आहे, पण अर्धेच. अक्षर आणि उच्चार यांचे नाते मराठीत बरेच स्थिर आहे, पण शिकायच्या चिन्हांची संख्या मोठी आहे. 34 व्यंजनांना बाराखडीने गुणले की 408 रूपे होतात, आणि जोडाक्षरे त्यावर. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अक्षरलिपीवर प्रभुत्व यायला पहिली-दुसरी पुरत नाही, ती वाटचाल चौथीपर्यंत चालू राहते, असे त्यातून दिसले. मराठीची लिपी वेगळी असली तरी रचना त्याच जातीची आहे.

दुसरी अडचण कानाची. 'आवडतो' हा शब्द आपण बोलताना 'आवड्तो' म्हणतो, 'चमचा' म्हणताना 'चम्चा'. नीट ऐकणारे मूल 'चम्चा' लिहिते आणि त्यावर काट बसते. 'ज्ञान'साठी 'द्न्यान' लिहिणाऱ्या मुलीने तर मराठी उच्चाराचे अचूक पृथक्करण केलेले असते. चार्ल्स रीड या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने 1971 मध्ये नेमके हेच इंग्रजीबाबत दाखवले. शाळेत न गेलेली मुले 'ट्रक'सारख्या शब्दाची सुरुवात टीआर ऐवजी सीएचआर अशी करत, कारण इंग्रजी उच्चारात तो ध्वनी 'च'कडे झुकतो. मुलांच्या चुकांना तर्क असतो, ही गोष्ट तेव्हापासून या क्षेत्रात सर्वमान्य आहे. आपल्या वर्गांपर्यंत ती पुरेशी पोचलेली नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी: पहिली वेलांटी की दुसरी, पहिला उकार की दुसरा. रोजच्या मराठी बोलण्यात इ-ई आणि उ-ऊ यांच्या लांबीने अर्थ बदलतो असे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लांबी बहुतेक ठिकाणी अक्षराच्या जागेवरून ठरते, त्यामुळे ती मुद्दाम ऐकण्याची गरज बोलणाऱ्याला कधी पडत नाही. मोडी लिपीत तर ह्रस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलाच जात नसे. हिशेब, पत्रे, दप्तरे त्याविना शतकानुशतके लिहिली गेली. छापखाना आला, बाळबोध लिपी सर्वत्र झाली आणि हा भेद प्रत्येक मुलाच्या वहीत आला.

म्हणूनच श्रुतलेखन घालताना बाई 'दूऽऽध' असे ओढून म्हणतात. हेतू चांगला असतो, पण मूल त्या हेलावर विसंबायला शिकते. घरी स्वतःच्या मनाने वाक्य लिहिताना तो हेल नसतो, आणि शनिवारी बरोबर आलेला शब्द सोमवारी निबंधात चुकतो. शब्द नेहमीच्या बोलण्यासारखा एकदा म्हणावा, वाक्यात घालून सांगावा आणि पुन्हा तसाच म्हणावा. दीर्घ कुठे द्यायचा हे मुलाला कानाने कळणार नसेल, तर ते कळण्याचा दुसरा मार्ग शिक्षकाने द्यायला हवा.

तो मार्ग नियमांतच आहे

मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 मध्ये शासनाने स्वीकारले, 1972 मध्ये आणखी 4 आले. या 18 नियमांवर वाद पुष्कळ झाले. सत्त्वशीला सामंत यांनी त्यांची कठोर चिकित्सा केली, मो. रा. वाळंबे, यास्मिन शेख आणि अरुण फडके यांनी ते सामान्य लिहिणाऱ्यापर्यंत नेण्यासाठी पुस्तके व कोश तयार केले. ही सगळी चर्चा प्रौढ लेखकाला समोर ठेवून झाली. सात वर्षांच्या मुलाला हे नियम कोणत्या क्रमाने द्यावेत, याचा विचार त्या मानाने फार थोडा झाला. तो क्रम लावला तर नियम वाटतात त्याहून पुष्कळ सोपे आहेत.

शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा उकार आला तर तो दुसरा: मी, तू, नदी, पाटी, लाडू, काकू, वाळू, कवी, गुरू. लहान मुलाच्या शब्दसंग्रहात याला ठळक अपवाद एकच, 'आणि'. एवढा भक्कम नियम दुसरीच्या पहिल्या सत्रात दोन-तीन आठवडे घेतला तर मुलांच्या निम्म्या शंका मिटतात. त्यानंतर दुसरा गट: शब्द अकारान्त असेल तर शेवटच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ. फूल, मूल, दूध, ऊस, पीठ, मीठ, खीर, वीट, बहीण, गरीब, जमीन. तिसऱ्या गटात याच शब्दांना प्रत्यय लावायचा आणि काय होते ते पाहायचे: फुलाला, मुलाने, दुधात, उसाचा, पिठात, विटा, बहिणीला, गरिबाला, जमिनीवर. मूल 'दूध' एका रकान्यात आणि 'दुधात' शेजारच्या रकान्यात लिहिते. असे सात-आठ शब्द झाले की नियम ते स्वतःच सांगते. शिक्षकाने तो आधी फळ्यावर लिहिला तर ही संधी जाते.

मग संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द येतात आणि घडी विस्कटते. गुण, सुख, विष, मंदिर, गणित यांत शेवटच्या आधीचे अक्षर ह्रस्वच राहते, आणि 'शरीर'चे 'शरीरात' होताना री दीर्घच राहते. शब्द तत्सम आहे की नाही हे आठ वर्षांच्या मुलाने ओळखावे अशी अपेक्षा करता येत नाही. माझे मत असे: हे शब्द चौथीपर्यंत नियम म्हणून शिकवूच नयेत. जे रोज डोळ्यांपुढे येतात, जसे 'गणित', ते पाहून-पाहून लक्षात ठेवण्याचे शब्द म्हणून आठवड्याला एखादा द्यावा. दुसरा गट शिकलेली मुलगी 'गणीत' लिहू लागली तर ती मागे गेलेली नसते. तिने नियम पकडला आहे आणि तो तिला अजून न सांगितलेल्या ठिकाणी लावून पाहिला आहे. वहीत त्यावर काट मारण्याऐवजी शेजारी 'गणित' लिहून द्यावे.

याद्या कशा होतात

सध्या आठवड्याचे शब्द बहुधा त्या आठवड्याच्या पाठातून निवडले जातात. पाठ पावसाचा असेल तर ढग, वीज, इंद्रधनुष्य, चिखल, छत्री. अर्थाने हे शब्द एकत्र बसतात, लेखनाने नाही. 'ढग'मध्ये अडचण काहीच नाही. 'वीज'ला दीर्घाचा नियम, 'छत्री'ला जोडाक्षर आणि शेवटची वेलांटी. 'इंद्रधनुष्य'मध्ये अनुस्वार, दोन जोडाक्षरे आणि ष अशा चार अडचणी एकदम. अशा यादीत मूल दहा शब्द दहा वेगवेगळ्या चित्रांसारखे पाठ करते. एका शब्दाने दुसऱ्याला मदत होत नाही.

यादी एका लेखनविशेषाभोवती बांधावी. सहा ते आठ शब्द पुरेत. रफाराच्या आठवड्यात सूर्य, दर्या, वर्ग, मार्ग, सर्प. पुढच्या आठवड्यात र-ची दुसरी रूपे, चक्र, प्रकाश, ट्रक, राष्ट्र. आणि तिसऱ्यात 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी ठेवून भेद. अनुस्वाराच्या आठवड्यात 'मुलाने–मुलांनी', 'त्याने–त्यांनी', 'घरात–घरांत' अशा जोड्या घ्याव्यात. तिथे टिंब गळले तर अर्थ बदलतो, आजोबांबद्दल लिहिताना आदर गळतो, आणि हा फरक नीट बोलले तर मुलाला ऐकूही येतो. वेलांटीच्या चुकीपेक्षा ही चूक मला कितीतरी गंभीर वाटते, तरी वहीत दोन्हीला सारखीच काट.

फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी वाचन शिकवताना अक्षरांचे गट असे लावले, की पहिल्या गटापासून मुलाला अर्थपूर्ण शब्द आणि वाक्ये तयार करता यावीत. लेखनाच्या नियोजनालाही हेच सूत्र लागू पडते: जे शिकवले त्यातून लगेच काहीतरी लिहिता आले पाहिजे. पालघरमधील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे मराठी व कन्नड शाळांत तीन वर्षे चाललेल्या लिरिल अभ्यासाचा अहवाल 2017 मध्ये आला. त्यात दिसलेले वर्गांतले लेखन बहुतांशी फळ्यावरून किंवा पुस्तकातून उतरवण्याचे होते. स्वतःच्या मनातले लिहिण्याला जागा फार थोडी होती. जे मूल स्वतःचे काही लिहीतच नाही, त्याला शब्द अचूक लिहिण्याचे कारणही सापडत नाही.

किती वेळ, आणि दहा वेळा का नको

जोसेफ मेयर राइस या अमेरिकी शिक्षणसमीक्षकाने 1897 मध्ये सुमारे 33,000 मुलांच्या चाचण्यांचे निष्कर्ष मांडले. स्पेलिंगवर रोज पाऊण तास घालवणाऱ्या शाळा दहा-पंधरा मिनिटे देणाऱ्या शाळांपेक्षा पुढे नव्हत्या. पुढे 1947 मध्ये थॉमस हॉर्न यांनी दाखवले की मुलाने चाचणी दिल्यावर लगेच स्वतःची वही स्वतः तपासून दुरुस्त करणे, या एकाच गोष्टीचा शिकण्यातला वाटा सर्वांत मोठा असतो. इंग्रजीचे हे निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण वेळ आणि दुरुस्ती यांबाबत लिपीने फारसा फरक पडू नये.

चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला दिला की काय होते, हे तिसरीच्या कोणत्याही शिक्षकाने पाहिलेले आहे. मूल आधी 'दू' दहा वेळा एकाखाली एक लिहिते, मग शेजारी 'ध' दहा वेळा. दहा ओळी भरतात आणि 'दूध' हा शब्द एकदाही मनात तयार होत नाही. कधी पहिलीच ओळ चुकते आणि चूकच दहा वेळा पक्की होते. त्याऐवजी शब्द पाहायचा, हाताने झाकायचा, आठवून लिहायचा, हात काढून पडताळायचा. असे आज दोनदा, परवा एकदा, पुढच्या आठवड्यात एकदा. चार वेळांत काम होते, कारण प्रत्येक वेळी शब्द आठवावा लागतो.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. मुलांना वर्षानुवर्षे मनाला येईल तसे लिहू द्यावे, दुरुस्त करूच नये, असा एक प्रवाह जर्मनीत बराच काळ होता. बॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये तीन हजारांहून अधिक मुलांवरचे निष्कर्ष जाहीर केले, त्यात क्रमाक्रमाने पाठ्यपुस्तकातून शिकलेल्या मुलांचे लेखन अधिक अचूक निघाले. त्या अभ्यासावर टीकाही झाली. तरी स्वैर लेखन आणि नियोजित पाठ दोन्ही लागतात, एवढे त्यातून धरायला हरकत नाही.

एक आठवडा

सोमवारी शिकवण्याआधीच शब्द सांगावेत. मुले लिहितील तसे लिहू द्यावेत, गुण नाहीत. लगेच फळ्यावर शब्द लिहून प्रत्येकाने स्वतःचा शब्द अक्षरागणिक ताडून पाहावा. कोणाला काय येतच आहे हे पाच मिनिटांत कळते आणि ते शिकवण्याचा वेळ वाचतो. मंगळवारी शब्दांचे वर्गीकरण करावे, चिठ्ठ्यांवर किंवा फरशीवर खडूने. बुधवारी ते शब्द असलेली दोन वाक्ये सांगावीत. सुट्या शब्दात बरोबर येणारी वेलांटी वाक्यात सुटते का, ते तिथे दिसते. गुरुवारी जोडीने एकमेकांना शब्द सांगावेत. शुक्रवारी मुलांनी त्यांतले तीन शब्द घालून स्वतःचे काहीतरी लिहावे. रोज दहा-पंधरा मिनिटे, त्याहून अधिक नको. द्विशिक्षकी शाळेत, जिथे एका बाईंपुढे दोन इयत्ता बसलेल्या असतात, तिथे गुरुवारची जोडी थोरल्या-धाकट्याची करता येते. चौथीचे मूल दुसरीला शब्द सांगताना स्वतःही तो पुन्हा नीट पाहते.

शनिवारी, अर्ध्या दिवसाच्या शाळेत, श्रुतलेखन. त्यात या आठवड्याचे पाच शब्द, महिन्याभरापूर्वीचे दोन, आणि एक शब्द असा की जो यादीत नव्हता पण त्याच गटातला आहे. 'दूध–दुधात, पीठ–पिठात' शिकवले असेल तर शनिवारी 'मिठात' सांगावा. माझ्या दृष्टीने सगळ्या चाचणीत मोलाचा शब्द हाच. पाठांतर केलेले मूल आणि नियम समजलेले मूल इथे वेगळे होतात, आणि शिक्षकालाही आपला आठवडा कसा गेला ते कळते.

वहीत काय लिहावे

महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचा भार 70 टक्के, संकलितचा 30. तिसरी-चौथीला 60 आणि 40. म्हणजे लहान वर्गांत रोजच्या निरीक्षणाला अंतिम चाचणीपेक्षा जास्त वजन आहे. शिक्षकाला जे करायचे आहे त्याला व्यवस्थेने जागा दिली आहे. प्रत्यक्षात 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात 'लेखनात चुका होतात' हे वाक्य वर्गभर उतरते, आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला त्यातून काहीच मिळत नाही. पन्नास-साठ पत्रके भरायची असली की असे होणारच. दोष एकट्या शिक्षकाचा नाही. पण चुकांचे पाच-सहा प्रकार ठरवून प्रत्येक मुलासमोर खूण केली तर वेळ तेवढाच लागतो: महाप्राण अक्षर, जोडाक्षर, रफार, अनुस्वार, शेवटची वेलांटी-उकार, मधली वेलांटी-उकार. 'शेवटची वेलांटी पक्की, जोडाक्षरात पहिले अक्षर गळते' ही नोंद कुणालाही वापरता येते.

गुण द्यायचेच असतील तर अख्ख्या शब्दाला देऊ नयेत. 'विद्यार्थि' लिहिणाऱ्याने द्य आणि रफार दोन्ही साधले आहेत. शेवटच्या एका चिन्हासाठी त्याला शून्य आणि 'वीदाथी' लिहिणाऱ्यालाही शून्य, हे न्याय्य नाही. अक्षरागणिक गुण धरले तर प्रगती दर आठवड्याला दिसते, मुलालाही. आणि जे अजून शिकवलेच नाही, त्याचे गुण कापू नयेत. पहिलीत ह्रस्व-दीर्घाला एकही गुण जाऊ नये असे मी म्हणेन. तिथे ध्वनी आणि अक्षर यांची गाठ बसली की पुरे. 2009 आणि 2022 च्या शासन निर्णयांनंतर ल आणि श यांच्या वळणांविषयी शाळाशाळांत गोंधळ होतो. त्या वळणाचा संबंध अक्षरलेखनाशी आहे. श्रुतलेखनात त्यावर काट बसता कामा नये.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. वऱ्हाडी घरातले मूल 'डोया' म्हणते आणि तसेच लिहिते, कोकणातले 'पायजे' आणि 'नाय'. या मुलांचे कान चांगले आहेत. ते ऐकलेला शब्द इमानाने लिहितात. त्यांना दोन रूपे शेजारी दाखवावीत, घरी असे म्हणतो आणि पुस्तकात असे लिहितो, आणि घरच्या रूपाला चूक म्हणू नये. पुस्तकातले रूप त्यांना नवा शब्द म्हणून शिकवावे लागते, त्यासाठी त्यांच्या यादीत आठवड्याला एक-दोन शब्दांची जागा ठेवावी. वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलांना तर पूर्ण यादीच वेगळ्या गतीने लागते. परदेशातल्या मराठी शाळांत प्रश्न उलटा आहे. तिथे मूल मराठी आठवड्यातून एकदाच लिहिते, तेव्हा मधल्या दिवसांत आई-बाबांनी जेवणाआधी दोन शब्द विचारले नाहीत तर सात दिवसांत सगळे पुसले जाते.

काही मुलांच्या वह्या मात्र वेगळ्याच असतात. नियमित सराव होऊनही महिनोन्महिने अक्षरांचा क्रम उलटतो, तोच शब्द एका पानावर तीन प्रकारे येतो, बोलायला हुशार मूल लिहायला बसले की थिजते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली डाली ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतही आहे, आणि मुंबईची महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन 1996 पासून या कामात आहे. तपासणीसाठी पाठवताना पालकांच्या हाती नुसता 'दहापैकी दोन' असा आकडा दिला तर तज्ज्ञाला त्याचा उपयोग नाही. सहा महिन्यांच्या शनिवारच्या वह्या, चुकांच्या प्रकारांच्या खुणांसह आणि न खोडता, सोबत द्याव्यात. म्हणून श्रुतलेखनाच्या वहीत मुलांना खोडरबर वापरू देऊ नये. चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ मारून बरोबर शब्द शेजारी लिहायला सांगावा.